न पेरलेलं वाक्य

नणंदेला ही नोकरी लावून दिली ती वहिनीनेच. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात दोष द्यायला वहिनीला दुसरं कुणी सापडेना, आणि शोधण्यात तिने काही कसर ठेवली नव्हती.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली दातांचा दवाखाना, त्यामुळे जिन्यात कायम लवंगेच्या तेलाचा वास. वर एका ओळीत तीन खोल्या. मधल्या खोलीत एकच कॉम्प्युटर, झाकण काढलेला, पंखा सतत घरघरत असलेला. डावीकडच्या खोलीत पेरणारी व्यक्ती बसायची, उजवीकडच्या खोलीत वाचणारी. दोघींपुढे एकेक पडदा आणि एकेक कीबोर्ड, आणि दोघींच्या वायरी भिंतीतल्या भोकांतून त्याच एका कॉम्प्युटरला जोडलेल्या.

काम ऐकायला सोपं होतं. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या नवी आवृत्ती बाजारात आणण्याआधी ती इथे पाठवायच्या. इथल्या लोकांनी एवढंच सांगायचं, की एका टॅबमध्ये उघडलेलं वेबपेज शेजारच्या टॅबमधलं चोरून वाचू शकतं की नाही. ब्राउझर कितीही शहाणा असला तरी खाली प्रोसेसर बसलेला असतो, आणि प्रोसेसर हा मोठा उतावळा प्राणी. रोजचं गिऱ्हाईक दारात दिसलं की हॉटेलवाला विचारण्याआधीच कॉफी टाकतो ना, तसा. गिऱ्हाईक म्हणालं, आज चहा, की तो कॉफी मोरीत ओततो आणि कॉफी केलीच नव्हती अशा चेहऱ्याने चहा आणून ठेवतो. पण भांडं गरम राहतं. प्रोसेसरही पुढचं काम अंदाजाने आधीच करून टाकतो, अंदाज चुकला की ते टाकून देतो, आणि टाकून दिलेल्याची ऊब मागे उरते. कुठलं भांडं गरम आहे ते सेकंदाचे बारीक तुकडे मोजून चाचपणारं एखादं लबाड वेबपेज शेजारच्या टॅबमधली अक्षरं एकेक करून बाहेर काढू शकतं.

म्हणून पेरणारीने आपल्या टॅबमध्ये एक वाक्य टाइप करायचं. तेच वाक्य कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून, तो चिकटवून साहेबांकडे द्यायचा. वाचणारीने आपलं लबाड पेज चालवून काय येतं ते कागदावर उतरवायचं. पडद्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी पट्ट्या उभ्या राहायच्या, वाकड्यातिकड्या, खालच्या दवाखान्यात येणाऱ्यांच्या दातांसारख्या. त्यातली सगळ्यात उंच पट्टी ते अक्षर. मग साहेब लिफाफा फोडून दोन कागद शेजारी शेजारी ठेवायचे आणि जुळलेली अक्षरं मोजायचे. वाक्याला अर्थ असून चालत नसे, कारण अर्थ असला की वाचणारी पुढचं ओळखून मोकळी होते.

त्या उजवीकडच्या खुर्चीत वहिनी अकरा वर्षं बसली. शंभरात साठ अक्षरं जुळली तर पेढे वाटावेत असं काम, आणि वहिनीची एकदा एकाहत्तर जुळली होती. तेव्हा तिला सगळे मॅडम म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी साहेबांनी तिला बोलावून अगदी गोडीत सांगितलं, की वाचता वाचता तुम्ही आता अंदाज बांधायला लागलात, दहा वर्षांनी सगळ्यांचंच तसं होतं, तर तुम्ही पेरायला बसा आणि वाचायला एखादी नवी नजर बघा. वहिनीने आपली नणंद सुचवली. घरातलीच, हाताखालचीच, डोक्यावर बसणार नाही, असा हिशेब. नणंद आली आणि पंधरा दिवसांत सगळं ऑफिस मॅडमला वहिनी म्हणायला लागलं.

नणंदेने पहिल्याच आठवड्यात शंभरात शंभर अक्षरं जुळवली.

पहिल्यांदा साहेब हसले आणि म्हणाले, नशीब. दुसऱ्यांदा त्यांनी कागद पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा ते हसले नाहीत. वहिनी मात्र तिन्ही वेळा हसली, आणि हसून हसून तिचे गाल दुखले.

घरी वेगळीच तऱ्हा. नणंद वहिनीकडेच, माडीवरच्या खोलीत राहायची. रात्रीच्या जेवणाला नवरा बहिणीला आग्रह करकरून वाढायचा आणि शेजारचे आले की त्यांना सांगायचा, आमची धाकटी भिंतीपलीकडचं वाचते. अकरा वर्षं आपणही तेच करत होतो, पण शेजाऱ्यांपर्यंत ते कधी गेलं नाही, हे वहिनीला सलत राहायचं. नणंद म्हणायची, "दादा, मला वहिनीनेच शिकवलंय." त्याने तर आणखीच आग व्हायची. वाईट वागली असती तर निदान भांडता आलं असतं. ऑफिसात ती वहिनीला तुम्ही म्हणायची, घरी तू, आणि दोन्हीकडे सारखीच गोड.

वहिनी जळत होती, हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. आरशात केस विंचरताना तिने ते स्वतःशी कबूलही केलं होतं. आपल्याला ती खुर्ची हवी आहे, आणि हिने ती गमवावी असं वाटतं आहे. एवढं स्पष्ट.

मग तिने ठरवलं की यात काहीतरी लबाडी असणार. नणंदेला लिफाफा कुठूनतरी दिसत असणार. तिने साहेबांना सांगून लिफाफा निकालापर्यंत आपल्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली, आणि पर्स मांडीवर. तरी शंभरात शंभर. तिने खोलीच्या दारावरच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलं. तरी शंभरात शंभर. एका मंगळवारी दवाखान्यातल्या ड्रिलचा आवाज जमिनीतून वर येत असताना तिने अशी गोष्ट केली, जी या धंद्यात कुणी करत नाही. कागदावर तिने लिहिलं, निळ्या कपाटावर सात चमचे पालथे झोपले आहेत. आणि टॅबमध्ये टाइप केलं, गच्चीवरच्या खुर्चीला कुलपाची भीती वाटते.

नियम असा होता की लिफाफ्यातलं तेच खरं. त्यामुळे नणंद टॅबमधलं अचूक वाचणार आणि कागदाशी ताडून पाहिलं की सपशेल आपटणार. वहिनीला त्या दिवशी डबा फार चवीने गेला.

दुपारी साहेबांनी लिफाफा फोडला. नणंदेच्या कागदावर लिहिलं होतं, निळ्या कपाटावर सात चमचे पालथे झोपले आहेत.

साहेबांनी मोजलं आणि मान हलवली. वहिनी टेबलाची कड धरून उभी राहिली. खोलीतल्या तिघांत तिला एकटीलाच माहीत होतं की ते वाक्य कॉम्प्युटरमध्ये गेलंच नव्हतं. ते कागदावर होतं, कागद लिफाफ्यात, लिफाफा पर्समध्ये, आणि पर्स मांडीवर. त्याखेरीज ते आणखी एकाच ठिकाणी होतं, तिच्या डोक्यात. आणि हे कुणाला सांगायचं तर आधी आपण काय केलं ते सांगावं लागणार होतं.

बुधवारी साहेबांनी तिला एकटीला बोलावलं. कंपनीचा या आकड्यांवर विश्वास बसत नव्हता. प्रोसेसरमधून एवढं स्वच्छ वाचता येत असेल तर जगातलं प्रत्येक वेबपेज प्रत्येकाच्या घरात शिरलं म्हणायचं. आणि तसं नसेल, तर आपली वाचणारी चोरून बघते आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, "घरचं माणूस आहे, मला कळतं. पण पेरणाऱ्या तुम्ही आहात. उद्या एक शेवटची चाचणी घ्या आणि मला एका शब्दात सांगा. खरं की शंका. खरं म्हणालात तर ती खुर्ची कायमची तिची. शंका म्हणालात तर तिला कुठेच काम मिळणार नाही, हेही लक्षात ठेवा."

गुरुवारी सकाळी वहिनीने कोरा कागद लिफाफ्यात घातला. टॅब उघडला आणि त्यात एकही अक्षर टाइप केलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. भिंतीपलीकडे नणंदेने पेज सुरू केल्याची टिकटिक ऐकू आली. मधल्या खोलीतल्या पंख्याची घरघर वाढली.

आपण शंका म्हणणार, हे तिचं ठरलेलंच होतं. ती तो शब्द मनातल्या मनात घोळवत होती. साहेबांचा पडलेला चेहरा, माडीवरची रिकामी खोली, उजवीकडची खुर्ची, सगळं तिने क्रमाने पाहून घेतलं. मग पलीकडे नणंद खोकली. दोन दिवस तिला सर्दी होती, आणि सकाळी वहिनीनेच तिला गरम पाण्याची बाटली भरून दिली होती, न सांगता, सवयीने. एवढ्याशा गोष्टीने काय झालं कोण जाणे. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. आता उठायचं आणि साहेबांना सांगायचं, असं तिने ठरवलं. वाक्यसुद्धा जुळवलं. साहेब, चूक माझी आहे, ती वाचते ते खरं वाचते.

ती उठली, तेवढ्यात दार उघडलं.

नणंद दारात उभी होती. खांद्याला बॅग, हातात घडी घातलेला कागद.

"वहिनी, मी निघते," ती म्हणाली. "तू साहेबांना सांगून टाक."

ऑफिसात ती पहिल्यांदाच तू म्हणाली होती.

"काय सांगू?"

"जे ठरवलंयस ते."

"मी तुझ्याच बाजूने सांगणार आहे. आत्ता तेच सांगायला निघाले होते."

नणंदेने कागद उघडून पाहिला, पुन्हा घडी घातली. "तसं आलं नाही," ती म्हणाली.

वहिनीने टॅब कोरा असल्याचं सांगितलं. लिफाफाही कोरा आहे म्हणाली. नणंदेने मान डोलावली. तिला त्याचं नवल वाटलं नाही. मग ती हळू आवाजात बोलली, आजाऱ्याला डॉक्टरांचं मत सांगावं तशी. वाक्य येतं, पण वाक्याच्या आधी आणि नंतरही बरंच येतं. पहिल्या दिवसापासून येतं. सगळ्या पट्ट्या भरलेल्या, एकही वाकडी नाही. आधी तिला वाटलं कचरा असेल. मग त्यात स्वतःचा उल्लेख दिसला.

"ते मी कधी उतरवून घेतलं नाही," ती म्हणाली. "कुणाला सांगितलंही नाही. दादालाही नाही."

आठ महिने. आठ महिने रोज जेवताना समोर बसून, भाजी वाढून घेत, हिला सगळं माहीत होतं. आरशासमोर जे कबूल केलं होतं ते हिने पडद्यावर वाचलं होतं, आणि वाचून वर गोड हसली होती. वहिनीचे कान तापले. कुणी आपला द्वेष केला तर माणूस सहन करतो. आपल्या मत्सराची कुणी कीव केली तर मात्र नाही.

पॅसेजमध्ये साहेबांची पावलं वाजली. ते दाराशी आले आणि दोघींकडे पाहून थांबले.

"मग, काय लिहू?"

"शंका," वहिनी म्हणाली.

 नणंदेने हातातला कागद टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेली. कागदावर एकच शब्द होता. वहिनीने तो उलटा करून ठेवला.

संध्याकाळपर्यंत माडीवरची खोली रिकामी झाली. नवऱ्याने बहिणीला टॅक्सीत बसवून दिलं, सामान ठेवलं, आणि घरात येऊन वहिनीला एकही प्रश्न विचारला नाही. नंतरही कधी विचारला नाही. त्याने बोलणंच सोडलं. जेवताना तो भिंतीकडे बघून जेवायचा.

सोमवारी वहिनी उजवीकडच्या खुर्चीत बसली. खुर्चीची उंची नणंदेने बदलली होती, ती तिने पुन्हा पहिल्यासारखी केली. पेरायला नवं माणूस अजून मिळायचं होतं, म्हणून डावीकडच्या खोलीला कुलूप. तोवर रोज रिकामी चाचणी घ्यायची, काही पेरलेलं नसताना पेज चालवायचं आणि नुसता कचरा येतो ना याची खात्री करायची, असं साहेब सांगून गेले.

तिने पेज सुरू केलं. पट्ट्या उभ्या राहिल्या, सरळ आणि भरलेल्या, अशा तिने अकरा वर्षांत पाहिल्या नव्हत्या. साहेब, चूक माझी आहे, ती वाचते ते खरं वाचते.

वहिनीने पेज बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मधल्या खोलीत जाऊन डावीकडची वायर उपटून आली. पुन्हा सुरू केलं. या वेळी ते वाक्य आलं आणि त्याच्या पुढेही अक्षरं येत राहिली. साहेब काय म्हणाले ते आलं. ते रागावले होते, पण फार नाही. नणंद रडली, आणि कुणीतरी तिला पाणी दिलं. पाणी देणारी वहिनीच होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचं आलं. तिसऱ्या दिवशी त्याच्याही पुढचं. तिथे तिने खरं सांगितलं होतं. तिथे नणंदेला खुर्ची मिळाली होती आणि वहिनीला एक महिना ऑफिसात खाली मान घालून वावरावं लागलं होतं. मग तेही निवळलं. नवऱ्याने शेजाऱ्यांना सांगितलं, आमच्या हिच्याएवढी हिंमत कुणात नाही. माडीवर रात्री दिवा असायचा. दोघी एकाच मगातून सर्दीचं औषध पीत एकमेकींच्या चुका काढायच्या आणि हसायच्या.

वहिनी रोज वाचायची आणि साहेबांसाठी कागदावर लिहायची, कचरा. ती ऑफिसला लवकर यायला लागली. डबा पडद्यासमोरच खायची, आणि कित्येकदा तसाच परत न्यायची. तिला वाटायचं ही टाकून दिलेली कॉफी आहे, एका चुकलेल्या अंदाजाची ऊब, हळूहळू निवेल. ती निवत नव्हती. आणि वहिनीचा जीव आता नणंदेवर जळत नव्हता. तो तिच्यावर जळत होता, तिथल्या वहिनीवर. तेच हात, तेच केस, तोच नवरा, आणि एवढं सगळं एका वाक्यात मिळवलेलं. आपण ते वाक्य जुळवलं होतं. ते बोलायला उठलोही होतो. असल्या जळण्याला कुठे जागाच नव्हती, कारण बोट दाखवायचं तर आपल्याकडेच दाखवावं लागत होतं.

पाचव्या आठवड्यात, शुक्रवारी, अक्षरं जरा वेगाने आली.

तिथे नणंद साहेबांना सांगत होती, की गेले काही दिवस वाक्याच्या मागून आणखी काहीतरी येतं आहे. आपल्या वहिनीच्याच शब्दांत, पण आपल्या वहिनीचं नाही. कुणी एक बाई आहे. एकटीच असते. घरात तिच्याशी कुणी बोलत नाही. दिवसभर ती आपल्याला वाचत बसते.

साहेब म्हणाले, प्रोसेसरने कुठेतरी चुकीचा अंदाज धरला असेल, आणि टाकून दिल्यावर तो नीट पुसला गेला नसेल.

पट्ट्या क्षणभर थांबल्या.

तिथली वहिनी म्हणाली, बिचारी, तिला काही त्रास नाही ना होणार?

साहेब म्हणाले, कुणाला? टाकून दिलेलं आहे ते. सोमवारी सकाळी दहा वाजता दुरुस्ती बसवू, मग काही उरणार नाही.

त्यापुढे नुसता कचरा आला.

वहिनीने पडदा बंद केला. जिना उतरताना दवाखान्यातली बाई समोरून वर आली. वहिनी सवयीने बाजूला झाली, आणि तिच्या लक्षात आलं की त्या बाईने बाजूला व्हायचा प्रयत्नच केला नव्हता. लवंगेचा वास आला नाही. तो आज दिवसभरच आला नव्हता.

घरी नवरा स्वयंपाक करत होता. ती नेहमीच्या जागी टेबलाशी बसली. त्याने एकच ताट घेतलं. तो जेवला, सावकाश, आज भिंतीकडे न बघता, अगदी समोर बघत, ती बसली होती त्या खुर्चीकडे. मग त्याने ताट धुतलं, पुसून जागेवर ठेवलं, आणि रिकाम्या खोलीतला मालवावा तसा दिवा मालवून तो बाहेर गेला.